खुर्च्या नंतर मोजा, आधी जिना: तिसऱ्या मजल्यावरच्या छोट्या थिएटरबद्दल

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ठाण्याच्या घोडबंदर रोडला एका कमर्शियल बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर सहा हजार चौरस फुटांचा गाळा आहे, आधी तिथे जिम होती. तुम्ही आणि तुमचे मेहुणे मिळून तिथे दोन पडद्यांचं छोटं थिएटर काढताय, एक ११० खुर्च्यांचं, दुसरं ८० चं, बाहेर कॅफे. इंटिरियरवाला म्हणतो, आग विझवायचे डझनभर सिलिंडर लटकवू, छतातले पाण्याचे स्प्रिंकलर बिल्डिंगला आहेतच, फायरची एनओसी मिळून जाईल. म्हणून तुम्ही विचारलंय की सिलिंडर कोणते आणि किती. आणि जाता जाता एका ओळीत लिहिलंय: जिने दोन आहेत, पुढचा पाच फुटी, मागचा चार फुटी, मागचा खाली मोबाईलच्या दुकानाशेजारच्या पॅसेजमधून निघतो.

माझं उत्तर त्या जाता जाता लिहिलेल्या ओळीबद्दल आहे.

सिलिंडरचं आधी उरकून टाकतो. कुठल्याही जागेवरून पंधरा मीटरच्या आत एक हाताशी यावा, असा साधा नियम आहे. प्रोजेक्टर रूम आणि इलेक्ट्रिक पॅनेलजवळ सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा, कॅफेच्या ओट्याजवळ तिथल्या आगीला चालेल असा. प्रेक्षागृहाच्या आत पावडरचा सिलिंडर मी शक्यतो टाळतो, कारण अंधाऱ्या बंद खोलीत पावडर उडाली की असलेलं दिसणंही बंद होतं आणि लोक तिलाच धूर समजतात. संपलं. हा पाऊण लाखाच्या आतला विषय आहे. तुमचे दोन-अडीच कोटी अडकणार आहेत ते जिन्यात.

मी गेली बावीस वर्षं ठाणे-नवी मुंबईत फायरची कामं करतोय. थिएटरकडे बघताना मी एकच गोष्ट डोक्यात ठेवतो. ऑफिसात आग लागली तर माणसं जागी असतात, दिवे चालू असतात, रस्ता रोजच्या पायाखालचा असतो. हॉस्पिटलात निदान स्टाफ प्रत्येकाला ओळखतो. थिएटरमध्ये दोनशे अनोळखी माणसं अंधारात, पाठ दरवाजाकडे करून, कान भरून आवाज ऐकत बसलेली असतात, आणि त्यातली बरीचशी त्या इमारतीत आयुष्यात पहिल्यांदा आलेली असतात. आग विझवणं नंतरचं. या माणसांना चार मिनिटांत उठवून रस्त्यावर कसं आणायचं हा प्रश्न आहे.

थिएटरची आग म्हटली की जुन्या लोकांना प्रोजेक्टर रूम आठवते. त्याला कारण होतं. पूर्वीची फिल्म नायट्रेटची असायची, तिच्यातच ऑक्सिजन असल्यामुळे ती पेटली की पाण्याखालीसुद्धा जळत राहायची. म्हणून ती खोली काँक्रीटची, खिडक्यांना लोखंडी शटर, येण्याजाण्याचा रस्ता वेगळा. पुढे सेफ्टी फिल्म आली, आता तर हार्ड डिस्कवर सिनेमा येतो. प्रोजेक्टरचा दिवा तापतो, त्याला स्वतंत्र एक्झॉस्ट लागतो, केबल नीट लागतात, एवढंच. तरीही अजून मला साईटवर प्रोजेक्टर रूमला भारीतला फायर डोअर आणि प्रेक्षकांच्या बाहेर पडायच्या दाराला साधं फ्लश डोअर लावलेलं सापडतं. भीती जुन्या जागी राहिली, धोका केव्हाच हलला.

कुठे हलला ते १३ जून १९९७ ला दिल्लीत उपहार सिनेमात दिसलं. ट्रान्सफॉर्मर तळमजल्यावर होता, गाड्यांच्या पार्किंगला लागून. पेटला तो ट्रान्सफॉर्मर आणि गाड्या. आग प्रेक्षागृहात पोचलीच नाही. धूर पोचला, जिन्यातून चिमणीसारखा वर चढत. ५९ माणसं गेली, ती प्रामुख्याने बाल्कनीतली आणि गुदमरून. बाल्कनीत वाढीव खुर्च्या घातल्यामुळे एका बाजूची वाट बंद झाली होती, वीज गेल्यावर आपत्कालीन दिवे नव्हते, आणि लोकांना उठून बाहेर जा असं कोणी माइकवरून सांगितलं नाही. यातली एकही गोष्ट डझनभर सिलिंडरने टळली नसती.

आता तुमचं गणित करू.

सहा हजार चौरस फूट म्हणजे साधारण ५५७ चौरस मीटर. आपल्याकडे लागू असलेल्या यूडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीत, सभागृह-थिएटर वापराच्या इमारतीचा एखादा मजला ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठा असला की इमारत कितीही बुटकी असो, ती स्पेशल बिल्डिंग ठरते, म्हणजे आगीचे जास्त कडक नियम लागणारी. म्हणजे "आमची बिल्डिंग हायराईज नाही" हा युक्तिवाद तुम्हाला नाही. आणि गाळा जिमचा होता म्हणून थिएटरला चालेल असंही नाही. वापर बदलतोय, त्याची परवानगी शहर विकास विभागाकडून आधी घ्यायची.

माणसं किती? ११० आणि ८० मिळून १९०. स्टाफ दहा-बारा. बहुतेक जण मोजणी इथेच थांबवतात. पण कॅफेत पुढच्या शोचे लोक उभे असतात. शनिवारी संध्याकाळी एक शो सुटतोय आणि दुसऱ्याचे ८० जण पॉपकॉर्न घेऊन उभे आहेत, अशी दहा मिनिटं हमखास येणार. म्हणजे मजल्यावर सगळे मिळून २८० धरा. कायम बसवलेल्या खुर्च्यांच्या हॉलमध्ये खुर्च्या मोजून माणसं धरतात, लॉबीत क्षेत्रफळावरून. फायर ऑफिसर तुमची लॉबी कशी मोजतो त्यावर हा आकडा थोडा हलेल, पण २०० पर्यंत खाली येणार नाही.

जिना किती माणसं नेतो? राष्ट्रीय इमारत संहितेत, म्हणजे २०१६ च्या एनबीसीत, जिन्याला माणशी १० मिलिमीटर रुंदी धरतात आणि सपाट वाटेला, दाराला साडेसहा. तुमचा पाच फुटी जिना दीड मीटर, म्हणजे १५० माणसं. चार फुटी म्हणजे १.२ मीटर, १२० माणसं. दोन्ही मिळून २७०. माणसं २८०. आणि हे दोन्ही जिने धुराशिवाय, मोकळे, खालपर्यंत उघडे आहेत असं गृहीत धरून. शिवाय थिएटरसारख्या वापराला जिन्याची किमान रुंदीच २ मीटर मागतात, माणशी हिशोब त्याच्या नंतर येतो. तुमचा एकही जिना त्यात बसत नाही.

म्हणून माझं मत सरळ सांगतो: आहे त्या जिन्यांवर मी या मजल्याला दोन पडद्यांसाठी हो म्हणणार नाही. तुम्हाला कोणी हो म्हणणारा भेटेलही. पैसे घालायच्या आधी त्याला ही २७० आणि २८० ची बेरीज कागदावर लिहून मागा.

मग वाट आहे का? आहे, पण ती तुमच्या एकट्याच्या हातात नाही. मागच्या बाजूला नवीन बाहेरचा जिना काढता येतो, तोही कागदावर २ मीटरचा. त्यासाठी सोसायटीची, म्हणजे बाकीच्या गाळेधारकांची संमती लागते, आणि मागे मोकळी जागा लागते. इथेच बरेच प्रस्ताव अडकतात: फायर इंजिन फिरायला इमारतीभोवती जे ६ मीटर मोकळं ठेवायचं असतं, त्यातच लोक जिना घुसवतात. मग फायर ऑफिसर म्हणतो, माणसं खाली आणलीत पण माझी गाडी कुठे उभी करू? प्लॉट कोपऱ्याचा असेल, बाजूला रस्ता असेल तर जमतं. नसेल तर पहिल्या मजल्यावर गाळा शोधणं जास्त स्वस्त पडतं. भाडं जास्त असलं तरी. आणि पुढचा जिना रुंद करतो, असं कोणी म्हणालं तर आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारा. बीमला हात लावून रुंद केलेला जिना मी दोनदा पाहिलाय, दोन्ही वेळा काम थांबवलंय. स्ट्रक्चरचा विषय निघालाच आहे तर पायऱ्यापायऱ्यांचं बैठक-व्यवस्थेचं वजनही त्यालाच दाखवा. जिमचं वजन झेललंय म्हणून स्लॅब सगळं झेलेल असं नाही, दोन्हीकडे भार पडायची जागा वेगळी.

आता दोन मीटर कागदावर आणि दोन मीटर साईटवर यातला फरक सांगतो, कारण यात मी स्वतः तोंडघशी पडलोय. काही वर्षांपूर्वी वाशीकडच्या एका छोट्या हॉलची बाहेर पडायची पॅसेज मी नकाशावर बरोबर दोन मीटर ठेवली. काम झाल्यावर टेप लावला तर १७८ सेंटीमीटर. भिंत गेली नव्हती कुठे. दोन्ही बाजूंना इंटिरियरवाल्याने लाकडी फ्रेमवर पॅनेलिंग केलं होतं, एका बाजूला पोस्टरच्या लाईटच्या पेट्या. बावीस सेंटीमीटर सजावटीने खाल्ले होते. सगळं उचकटायला लावलं, मालकाने मला दोन महिने फोन केला नाही. तेव्हापासून मी नकाशावर "फिनिशनंतर मोकळी रुंदी" असं लिहूनच देतो, आणि त्याखाली सही घेतो.

पॅनेलिंगवरून आठवलं, आवाज शोषायला भिंतीवर काय लावताय ते तुम्ही लिहिलं नाही. फोम असेल तर नको. स्वस्त पीयू (पॉलियुरेथेन) फोम पेटला की मिनिटभरात खोली काळ्या धुराने भरते, आणि त्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर सायनाइडही असतं. फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या एका क्लबमध्ये स्टेजवरच्या फटाक्याची ठिणगी अशाच फोमला लागली आणि शंभर माणसं गेली. आत एक टीव्हीचा कॅमेरामन होता, म्हणून ते सगळं चित्रित झालंय. मी ते चित्रीकरण नव्या मॅनेजरांना एकदा दाखवतो, फोमसाठी नाही, दुसऱ्या कारणासाठी: तिथे बाहेर पडायला आणखी दारं होती, पण बहुतेक लोक ज्या दाराने आत आले त्याच दाराकडे धावले. माणूस आलेल्या वाटेनेच परत जातो. तुमचे १९० जण लिफ्टने वर येणार. आग लागल्यावर लिफ्ट बंद. मागचा जिना त्यांनी पाहिलेलाच नसणार.

म्हणून मी मालकांना एक सुचवतो, ते फुकट आहे. शो सुटल्यावर लोकांना रोज मागच्या जिन्याने सोडा. दार उघडतं का, दिवे लागतात का, खाली काय पडलंय, याची तपासणी रोज आपोआप होते. आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची लॉबीत टक्करही होत नाही. जुनी सिंगल स्क्रीन थिएटरं हेच करायची. शो सुटला की बाजूची मोठी दारं धाडकन उघडायची आणि आपण थेट गल्लीत. ते गर्दी लवकर काढायला होतं, पण त्यातून सुरक्षितता आपसूक मिळायची. मल्टिप्लेक्सवाल्यांनी आपल्याला परत फूड कोर्टातून जायला लावलं, त्याचा हिशोब वेगळा आहे.

दाराबद्दल. दार बाहेरच्या दिशेने उघडायचं, आडव्या दांडीवर अंग टेकलं की सुटलं पाहिजे, जिन्याचं दार दोन तास आग अडवणारं आणि आपोआप मिटणारं. हे सगळं करून द्यायला एजन्सी असते. खरा त्रास सहा महिन्यांनी सुरू होतो. एका थिएटरात मी जुलैच्या तपासणीला गेलो तर मागच्या दाराच्या त्या दांडीला सायकलची साखळी आणि कुलूप. मॅनेजर शांतपणे म्हणाला, "साहेब, पोरं इंटरव्हलला आतून दार उघडून मित्रांना फुकट घेतात." मी ओरडलो असतो तर माझ्यामागे त्याने परत साखळी लावली असती, कारण त्याची अडचण खरी होती. आम्ही दाराला बझर लावला, दार उघडलं की तिकीट खिडकीपाशी वाजणारा, आणि बाहेरच्या बाजूला कॅमेरा. बाहेरून हँडलच काढून टाकलं. आतून उघडणं तसंच मोकळं. साखळी गेली ती परत आली नाही. कुलूप लावणारा माणूस वाईट नसतो, त्याच्या रोजच्या त्रासावर कोणी उत्तर दिलेलं नसतं. तुमच्याकडे फुकटे येणारच आहेत, तेव्हा बझर पहिल्या दिवसापासून बजेटमध्ये धरा.

तसंच डिटेक्टरचं. पॉपकॉर्न मशीनच्या डोक्यावर धुराचा डिटेक्टर लावला की इंटरव्हलला अलार्म वाजतो. तिसऱ्या दिवशी कोणीतरी पॅनेल सायलेंट करतं आणि ते तसंच राहतं. तिथे उष्णतेचा डिटेक्टर लावायचा, धुराचा नाही. हे लहान वाटतं, पण बंद पडलेली अलार्म सिस्टीम मी पाहिली ती दर दुसऱ्या वेळी अशाच कुठल्यातरी कटकटीमुळे बंद केलेली होती, बिघाडामुळे नाही.

आणि अलार्म नुसता वाजून थिएटरात काही होत नाही. पडद्यावर मारामारी चालू असेल तर भोंगा सिनेमातलाच वाटतो. अलार्म आला की सिनेमाचा आवाज आपोआप बंद, हॉलचे दिवे चालू, एसीचे पंखे बंद, डक्टमधले डॅम्पर, म्हणजे धूर अडवणाऱ्या झडपा, मिटलेले, आणि मराठी-हिंदीत स्पष्ट घोषणा, एवढं पॅनेलला जोडून घ्या. प्रोजेक्टरवाला वेगळा, साऊंडवाला वेगळा, फायरवाला वेगळा असतो आणि प्रत्येक जण म्हणतो की ते दुसऱ्याचं काम आहे. तिघांना एका दिवशी साईटवर बोलवा आणि शो चालू असताना डिटेक्टरवर धूर सोडून बघा. दिवे लागेपर्यंत किती सेकंद गेले ते स्वतः मोजा.

स्प्रिंकलर "बिल्डिंगला आहेतच" याबद्दल एवढंच, की ते जिमच्या छताप्रमाणे आहेत. तुम्ही मधे भिंती घालून दोन हॉल करणार, फॉल्स सीलिंग करणार, पायऱ्या चढवणार. पाणी फवारणारे सगळे हेड हलतील. आणि तळघरातला पंप ऑटोवर आहे का ते बघून या. सोसायटीचं वीजबिल वाचवायला तो मॅन्युअलवर ठेवलेला मला अनेकदा सापडतो.

व्हीलचेअरवाले प्रेक्षक तिसऱ्या मजल्यावरून कसे उतरणार, हेही आधी ठरवा. त्यांच्या जागा सोयीच्या म्हणून पहिल्या ओळीत ठेवतात, आणि बाहेरची वाट मागून असते. जागा दारालगत हवी, आणि जिन्याच्या फायर डोअरच्या आत थांबायला पुरेल एवढा मोकळा लँडिंग हवा, जिथे एक नेमलेला माणूस त्यांच्याबरोबर राहील.

कागदांचा क्रम तुम्ही विचारला नाही, पण इंटिरियरवाला "एनओसी मिळून जाईल" म्हणतोय म्हणून सांगतो. एनओसी एक नसते. वापरबदलाचा आणि आतल्या कामाचा नकाशा पालिकेत, त्यासोबत फायरची प्राथमिक एनओसी. मग काम. मग लायसन्स असलेल्या एजन्सीकडून नमुना अ, म्हणजे यंत्रणा बसवल्याचा दाखला, अग्निशमन विभागाची पाहणी आणि अंतिम एनओसी. थिएटरचा परवाना याहून निराळा, तो १९५३ च्या राज्याच्या सिनेमा कायद्याखाली आणि १९६६ च्या नियमांखाली, त्यात इमारतीची आणि विजेची तपासणी स्वतंत्र. आणि उद्घाटनानंतरही संपत नाही: २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियमाप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचा नमुना ब दर जानेवारी आणि जुलैत द्यायचा. जबाबदारी मालकाची किंवा ताबा असणाऱ्याची, म्हणजे भाडेकरू म्हणून तुमचीही. भाडेकरारात ती कोणाची, जिने मोकळे ठेवणं कोणाचं, पंपाचं मेंटेनन्स कोणाचं, हे नावानिशी लिहून घ्या. नंतर सोसायटी आणि तुम्ही एकमेकांकडे बोट दाखवत बसाल.

मला नीट मत द्यायचं असेल तर तुमच्याकडून तीन गोष्टी लागतील. दोन्ही जिन्यांची रेलिंगच्या आतून मोकळी रुंदी, प्रत्येक मजल्यावर, कारण खाली उतरताना जिना कुठेतरी अरुंद होतोच. दोन्ही हॉलमधल्या सर्वांत लांबच्या खुर्चीपासून जिन्याच्या दारापर्यंत चालत अंतर, खुर्च्यांना वळसा घालून, सरळ रेषेत नाही. ते ३० मीटरच्या आत हवं. आणि तिसरी गोष्ट मागच्या जिन्याची. ती दिवसा बघून कळणार नाही. तुमचा शेवटचा शो साडेबाराच्या सुमाराला सुटणार, तेव्हा रात्री साडेबाराला तिसऱ्या मजल्यावरून मागच्या जिन्याने उतरा, मोबाईलचा टॉर्च न लावता, आणि त्या दुकानाशेजारच्या पॅसेजचं शटर तेव्हा उघडं असतं का ते बघून मला सांगा.